खोलीतला सिनेमा खिशात नको

‘एकाच खोलीत घडतो ना? मग ओटीटीवर आला की बघू.’ हे वाक्य मी मुंबईच्या नातेवाइकांकडून मराठीत ऐकलंय आणि बंगालमधल्या शेजाऱ्यांकडून बंगालीत. लढाया, समुद्र, हवेत उडणाऱ्या गाड्या असल्या की माणसं तिकीट काढतात. दोघं-तिघं एका खोलीत बसून बोलत असतील, किंवा बोलतही नसतील, तर तो चित्रपट रात्री झोपण्याआधी मोबाइलवर उरकता येतो, अशी समजूत पक्की झाली आहे. निर्माते तसंच धरून चालतात, मल्टिप्लेक्सवाले तसंच धरून चालतात आणि आपण प्रेक्षक तर त्यांच्याही पुढे. मला ही समजूत मुळातच उलटी वाटते. समुद्र सहा इंचांत दाखवला तरी समुद्र म्हणून ओळखू येतो. खोली सहा इंचांत दाखवली की तिच्यातलं बरंच काही हरवतं: कोपऱ्यात गप्प बसलेलं माणूस, बाहेरून येणारा आवाज, दार आणि खाट यांच्यातलं अंतर. ज्या चित्रपटाला मोठा पडदा, अंधार आणि सलग बैठक सर्वांत जास्त लागते, त्यालाच आपण चित्रपटगृहातून सर्वांत आधी बाहेर काढतो.

मी कोलकात्याजवळ बराकपूरला राहते. यजमान निळगंजच्या ताग संशोधन संस्थेत नोकरीला होते. निवृत्तीनंतर मुंबईला परत जायचं म्हणता म्हणता आम्ही इथलेच झालो. बराकपूर म्हटलं की मराठी माणसाला मंगल पांडे आणि १८५७ आठवतं. इथं राहणाऱ्याला त्याआधी नदी दिसते, पलीकडचं श्रीरामपूर दिसतं आणि टिटागडच्या बाजूला नदीकाठानं लागलेल्या तागाच्या गिरण्या दिसतात. इकडे त्यांना चटकल म्हणतात. काही चालू, काही बंद, काहींच्या फाटकावर कधी नोटीस लागेल याचा भरवसा नाही. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा बाहेर पडतो आणि तेवढाच लोंढा आत जायला उभा असतो. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले, आई-वडील दोघंही गिरणीत. हे दृश्य मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

याच बराकपूरचा एक नट आहे, ऋत्विक चक्रवर्ती. आवाज न चढवता, चेहऱ्याची फारशी हालचाल न करता काम करणारा. २०१४ साली तो आणि बासवदत्ता चॅटर्जी यांनी आदित्यविक्रम सेनगुप्ता या दिग्दर्शकाच्या पहिल्याच चित्रपटात काम केलं. चित्रपटाचं नाव ‘आसा जाओयार माझे’, म्हणजे येण्याजाण्याच्या मध्ये. कोलकात्यातलं एक जुनं घर, मंदीचे दिवस. नवरा छापखान्यात रातपाळीला, बायको दिवसा बॅगांच्या कारखान्यात. एक घरी येतं तेव्हा दुसरं बाहेर पडलेलं असतं. दोघांची गाठ पडते ती पहाटे, जेमतेम काही क्षण. चौऱ्याऐंशी मिनिटांच्या या चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीतच. तो काटेकोरपणे एका खोलीत घडतो असं म्हणता येणार नाही. गल्ली दिसते, ट्राम दिसते, कारखाना दिसतो. पण चित्रपटाचा जीव त्या घरात आहे, आणि बाहेरचं जग दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त कानावर येतं. व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला. बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला आणि ध्वनिरचनेसाठी अनीश जॉन यांनाही पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता आपला ‘कोर्ट’. बिनसंवादाच्या चित्रपटाला आवाजासाठी पुरस्कार मिळतो, यात त्या चित्रपटाबद्दलचं निम्मं सांगून झालं.

मी तो कोलकात्यात चित्रपटगृहात पाहिला. बराकपूर लोकलनं दमदमपर्यंत आणि तिथून मेट्रोनं, म्हणजे एका चित्रपटासाठी अख्खी दुपार. त्यात एक कढई आहे. आचेवर ठेवलेली, तळाशी पाणी राहिलेलं. कॅमेरा तिथंच थांबतो. पाणी तडतडत आटत जातं, आटत जातं आणि मग तेल पडतं. भल्यामोठ्या पडद्यावर ती कढई आणि तो आवाज चहूबाजूंनी. सभागृहात कुणी हललं नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक बाई होत्या, अगदी अनोळखी. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. त्या कढईत रडण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण त्याआधीचा अर्धा तास आम्ही दोघी त्या घरात होतो, घरात दुसरं माणूस नाही हे आम्हाला माहीत होतं, आणि ते तेल एकाच माणसाच्या हातून पडतंय हेही.

नायगावची आमची खोली एकशे साठ चौरस फुटांची. बीडीडीच्या सगळ्याच खोल्या तेवढ्या. वडील रातपाळीला असले की सकाळी सातला सुटत आणि आई त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात सातच्या पाळीला आत जाई. बायकांना रात्री कामावर ठेवायला कायद्यानं बंदी होती, त्यामुळे आईची पाळी कधी रात्रीची नसे आणि वडिलांची मात्र फिरत राही. ते दोघं भेटत फाटकापाशी. आई खोलीची किल्ली त्यांच्या हातात देई आणि पातेल्यात काय आहे ते सांगे. तेवढाच संसार. मग वडील येऊन झोपत आणि आम्ही भावंडं शाळेची वेळ होईपर्यंत त्या खोलीत आवाज न करता वावरत असू. स्टोव्हला पंप मारायचा तर तो उचलून बाहेर गॅलरीत न्यायचा. पातेल्यावर झाकण ठेवताना मध्ये फडक्याची घडी धरायची, म्हणजे भांडं वाजत नाही. कपाट उघडताना दार किंचित वर उचलून ओढायचं. घरात एकांत हवा असेल तर भिंतीकडे तोंड करून बसायचं. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, हा न सांगता पाळलेला नियम. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर दोघंही गिरणीत परत गेले नाहीत.

एका खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला कळतं की तिथं मोठ्या गोष्टी फार लहान हालचालींतून घडतात. फडक्याची ती घडी पडद्यावर दिसली पाहिजे, आणि मोबाइलवर ती दिसत नाही. हा सरळ मापाचा प्रश्न आहे.

पुढे तोच चित्रपट मी घरी लॅपटॉपवर पाहिला. मुलगी आली होती, तिला दाखवायचा होता. डोक्यावर पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर टोटोचे, म्हणजे ई-रिक्षांचे, हॉर्न वाजत होते, मधेच पार्सलवाला आला. चित्रपटातला बाहेरचा रस्ता आणि आमचा बाहेरचा रस्ता यांची सरमिसळ होऊन त्यातला कुठलाच ऐकू येईना. कढईचा प्रसंग आला तेव्हा आम्ही विजेच्या बिलाबद्दल बोलत होतो. मुलगी शहाणी आहे, चांगलं वाचते, चांगलं बघते. तिनं शेवटी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘आई, छान आहे, पण फार संथ आहे गं.’ चित्रपट तोच होता. त्याच्याभोवती जी भिंत उभी राहायला हवी होती ती आमच्या घरात उभी राहिली नाही.

एका खोलीत घडणाऱ्या कथेचा सगळा ताण एकाच गोष्टीवर उभा असतो: बाहेर पडता येत नाही. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवा. १९६७ चं नाटक. गावातला एक हॉल, प्रयोगासाठी आलेली मंडळी, वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला. नाटकाच्या सुरुवातीलाच दाराच्या कडीत नायिका बेणारेचं बोट चेमटतं. पुढे खटला तिच्या अंगावर येतो, ती निघून जायला दाराशी धावते आणि कळतं की कडी बाहेरून अडकली आहे. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला, बेणारेच्या भूमिकेत नाटकाप्रमाणे सुलभा देशपांडेच होत्या. आता हा चित्रपट हातात रिमोट घेऊन पाहायचा, म्हणजे बेणारेला दार बंद आणि आपल्याला उघडं. नको वाटलं की थांबवा, चहा करून या, मग पुढे बघा. तिच्यासोबत कोंडून घेतल्याशिवाय तो खटला आपल्यापर्यंत पोचणार कसा? चित्रपटगृहात आपण उठून जाऊ शकतो, हे खरं. पण अंधारात आठ माणसांचे गुडघे ओलांडून जाण्यापेक्षा आपण बसून राहतो, आणि त्या बसून राहण्यातच चित्रपट आपलं काम करून घेतो.

यावर एक चोख आक्षेप आहे, तो मी टाळणार नाही. या जातीचा जगातला सर्वांत प्रसिद्ध चित्रपट, सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, मुळात टीव्हीवरचं नाटक होतं. रेजिनाल्ड रोझनं ते १९५४ मध्ये अमेरिकन टीव्हीसाठी लिहिलं. १९५७ मध्ये चित्रपट झाला तेव्हा तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही, आणि पुढे घराघरांत तो पोचला तो टीव्हीवरूनच. आपल्याकडे बासू चॅटर्जींनी १९८६ मध्ये त्यावरून केलेला ‘एक रुका हुआ फैसला’सुद्धा माझ्या पिढीनं घरच्या टीव्हीवरच पाहिला. मग लहान पडद्यानं काय बिघडलं?

बिघडलं ते असं. ल्युमेटनं टीव्हीवरची गोष्ट चित्रपटात आणताना ज्युरींची खोली बदलली नाही, तिच्याकडे बघण्याची पद्धत बदलली. पहिल्या एक तृतीयांश भागात कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर, मधल्या भागात नजरेच्या पातळीवर आणि शेवटच्या भागात नजरेच्या खाली. जोडीला भिंगं हळूहळू लांब पल्ल्याची होत जातात, त्यामुळे मागच्या भिंती पुढे सरकल्यासारख्या वाटतात. शेवटी शेवटी छतही दिसायला लागतं. उकाडा आहे, पंखा चालत नाही, बाहेर पाऊस भरून आलाय आणि प्रेक्षकाला न कळता खोली आवळत चालली आहे. शहाण्णव मिनिटांपैकी त्या खोलीबाहेर घडतात ती तीनेक मिनिटं. टीव्हीवर गोष्ट कळते, कोण कधी मत बदलतो तेही कळतं. पण बारा ज्युरींतला जो बोलत नाहीये त्याच्याकडे पाहत राहण्याची मोकळीक मोठ्या पडद्यावरच मिळते. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा हा या जातीच्या चित्रपटाचा खरा मजकूर असतो.

बेल्जियमच्या शांताल आकेरमाननं १९७५ साली ‘जान दीलमान’ केला. एक विधवा, तिचं घर, बराचसा वेळ स्वयंपाकघर, दोनशे एक मिनिटं. ती बटाटे सोलते ते आपण पूर्ण पाहतो. २०२२ मध्ये ब्रिटिश नियतकालिक ‘साइट अँड साउंड’नं समीक्षकांची मतं घेतली तेव्हा आजवरच्या सर्व चित्रपटांत हा पहिला आला. मी तो लॅपटॉपवर पाहिला आहे आणि त्यामुळे तो पाहिला असं मी समजत नाही.

खोली घेतली म्हणून चित्रपट थोर होतो असंही नाही. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये केलेला ‘गणशत्रु’ मी आदरानं पाहते, पण तो मला आखडलेला वाटतो. हृदयविकारानंतर डॉक्टरांनी त्यांना बाहेर चित्रीकरण करू दिलं नाही, म्हणून चित्रपट सेटवरच्या खोल्यांत झाला. त्या खोल्या कथेनं मागितलेल्या नाहीत, आणि ते जाणवतं. पैसे नाहीत म्हणून एक खोली घेणाऱ्या नव्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं. खर्च वाचवायला घेतलेली खोली पडद्यावर लगेच ओळखू येते.

उलट, जिथं कथेनं खोली मागितली होती तिथं आपण ती सोडून दिली, याचं मला खरं दुःख आहे. जयंत पवार यांचं ‘अधांतर’ हे १९९७ चं नाटक. संपानंतरचं गिरणगाव, कामगाराचं एक कुटुंब, एक खोली. ज्योती सुभाष यांनी त्यातली आई केली होती. मुलं बाहेरून एकेक करून काहीतरी वाईट घेऊन घरात येतात आणि ती खोली ते सगळं पोटात घेते. २०१० मध्ये महेश मांजरेकरांनी त्यावरून ‘लालबाग परळ’ केला. तो रस्त्यावर उतरला, टोळ्या आल्या, गोळ्या आल्या. त्या चित्रपटाला त्याचा प्रेक्षक मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमची एकशे साठ चौरस फुटांची खोली पडद्यावर यायची राहिली ती राहिलीच. आता त्या चाळी पाडून मनोरे होताहेत, राहणाऱ्यांना पाचशे चौरस फुटांची घरं मिळताहेत. ती मिळायलाच हवीत; माझ्या आईला मिळाली असती तर तिचे गुडघे वाचले असते. पण ज्या खोलीत मुंबईच्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्या दाटीवाटीनं जगल्या, ती खोली मराठी चित्रपटानं आतून पाहिलेली नाही, आणि पाहायला उरलेल्या खोल्या आता झपाट्यानं कमी होत आहेत.

अशा चित्रपटाला पैसा कोण लावील, हा प्रश्न मग येतो. पैसा थोडा लागतो, तो जमतो. जागा जमत नाही. महाराष्ट्र सरकारनं एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी चित्रपटाचा खेळ दाखवायला सांगितलं, तेव्हा केवढी चर्चा झाली. त्या वेळेचा लाभ झाला तर मोठ्या मराठी चित्रपटांना होतो. लहान चित्रपटाच्या वाट्याला शहराच्या टोकाला सकाळचा दहाचा खेळ येतो, आणि तीन दिवसांत ‘प्रेक्षक नाही’ म्हणून तोही जातो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलानं मित्रांबरोबर एक चित्रपट केला. मनिरामपूरच्या बाजूला त्याच्या आजीची बंद पडलेली खोली होती, तिथं. आजी वारल्यानंतर सामान वाटून घ्यायला जमलेले तिघं भाऊबहीण, एक रात्र. तो म्हणाला, ‘काकीमा, लिंक पाठवतो.’ मी म्हटलं, लिंक नको, क्लबात लाव. क्लबाच्या खोलीतला कॅरम बोर्ड भिंतीला टेकवला, मंडपवाल्याकडून पांढरं कापड आणलं, प्रोजेक्टर भाड्यानं घेतला. चाळीसेक माणसं आली. दारापाशी एक टोपली ठेवून मोबाइल त्यात टाकायला लावले, तेव्हा कुरकूर झाली, पण टाकले सगळ्यांनी. चित्रपटात दोष भरपूर होते. शेवट ओढूनताणून आणला होता. एका ठिकाणी मात्र धाकटी बहीण दिव्याचं बटण अंगठ्यानं दाबून धरते आणि हळूच सोडते, टक् असा आवाज होऊ नये म्हणून, कारण थोरला भाऊ जमिनीवर झोपलाय. चटकलीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुढच्या रांगेत बसले होते. खेळ संपल्यावर ते त्या मुलाला एवढंच म्हणाले, की आमच्या लाइनीत, म्हणजे गिरणीच्या वसाहतीत, सगळे असंच बटण दाबायचे. ज्या मुलानं ते दृश्य घेतलं त्याचं वय तेवीस. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, आजीनं केलेलं त्यानं पाहिलं होतं. फोनवर ते बटण कुणाला दिसलं असतं असं मला वाटत नाही.

असे चित्रपट दाखवायला कोलकात्यात निदान ‘नंदन’ आहे. १९८५ पासून सरकारनं चालवलेलं चित्रपट केंद्र, माफक तिकीट, शहराच्या मध्यावर. तिथं कोणता चित्रपट लागावा यावरून भांडणं होतात, एखाद्याला जागा नाकारली म्हणून गदारोळ होतो. पण भांडायला जागा आहे. मुंबईत प्रभात चित्र मंडळानं १९६८ पासून आणि पुण्यात आशय फिल्म क्लबनं मोठ्या पडद्यावर चांगले चित्रपट दाखवण्याचं काम निष्ठेनं केलं आहे. पण ते सभासदांपुरतं राहतं, आणि साताऱ्याच्या, नांदेडच्या, चंद्रपूरच्या माणसापर्यंत पोचत नाही.

महाराष्ट्राकडे मात्र एक गोष्ट आहे जी बंगालकडेही एवढी नाही: गावोगावची नगरपालिकांची आणि महापालिकांची नाट्यगृहं. शनिवार-रविवारी नाटकं होतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत पुष्कळ नाट्यगृहं रिकामी असतात. तिथं अंधार आहे, खुर्च्या आहेत, नाटक सलग दोन-अडीच तास बसून पाहणारा प्रेक्षक आहे. खोलीतल्या नाटकाला दाद द्यायला आपण पिढ्यान् पिढ्या शिकलो आहोत, मग खोलीतल्या चित्रपटाला याहून चांगलं घर कुठलं मिळणार? चांगला प्रोजेक्टर, नीट पडदा, चार बाजूंना स्पीकर आणि आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ एवढं पुरे. नाट्यगृहांच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी पैसे मंजूर होतात, त्यातच हे बसवता येईल. ज्या चित्रपटांना सरकार अनुदान देतं, त्यांचा एक खेळ प्रत्येक जिल्ह्याच्या नाट्यगृहात व्हावा अशी अट घातली तर निर्माताही नाही म्हणणार नाही. नगरसेवकांनी, सांस्कृतिक खात्यानं, नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी विनंती आहे.

वाचकांकडेही एक मागणं आहे. तुमच्या गावात असा चित्रपट लागला तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच जा, घरच्यांना घेऊन जा. दुसरा आठवडा त्याला मिळत नाही.